एकेरी पेठ

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. भोर-वेल्ह्याच्या मुलखातलं बाजाराचं गाव, एवढं पुरे. त्या वेळच्या पालिकेतले दोन मेंबर अजून धडधाकट आहेत, रोज सकाळी काठी टेकत माझ्या दारावरून फिरायला जातात, आणि चष्मा लावला की त्यांना चांगलं वाचता येतं. उगाच रोज उठून वाकडी तोंडं कोण बघणार?

आमची पेठ का बुडाली याची लोक नाना कारणं देतात. टेरिलीन आलं, एसट्या वाढल्या, लोक उठसूट पुण्याला जायला लागले. काही नाही हो. साठ-सत्तरच्या मधल्या एका लग्नसराईत आमची पेठ एका शिट्टीनं बुडाली, आणि ती शिट्टी आमच्याच पालिकेनं विकत आणली होती.

आमचं कापडाचं दुकान होतं. लुगडी, खण, धोतरं, मुंडाशी. नदीकडून पेठेत शिरलं की डाव्या हाताला तिसरं. गादीवर मामंजी बसायचे, म्हणजे माझे सासरे. बायकांचं गिऱ्हाईक आधी सासूबाई बघत. त्यांचे गुडघे धरले तेव्हा मी गादीच्या कोपऱ्यावर येऊन बसले, ती बसलेच. आमचे हे शाळेत मास्तर. त्यांना दोन लुगडी समोर टाकून वेगळी ओळखता आली नसती. मला मात्र ते दुकान आवडलं. स्पष्टच सांगते, मला ती गादी हवी होती. कोपरा नव्हे, मधली गादी, लोडासकट. आणि मामंजी म्हणत होते, "ही लग्नसराई जाऊ दे, मग बघू." कारण खताची पोती ठेवायला गोदाम शोधणारा एक माणूस आमच्या दुकानावर डोळा ठेवून होता, दर आठवड्याला नमस्कार घालून जात होता. लग्नसराई चांगली झाली तर गादी माझी, नाहीतर खताची. एवढं सरळ होतं सगळं.

आता आमच्याकडं विक्री कशी व्हायची ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. गिऱ्हाईक यायचं, बसायचं, माल बघायचं, भाव विचारायचं, आणि उठून जायचं. जायचंच. उठून न जाता कापड घेतलेला माणूस मी तरी पाहिला नाही. ते चार पावलं गेलं की मामंजी बसल्या जागेवरून हाक मारायचे, "या, या, माघारी या." मग ते गिऱ्हाईक अगदी नाइलाज झाल्यासारखं तोंड करून परतायचं, भाव थोडा उतरायचा, पुन्हा उठायचं, पुन्हा हाक. एका लुगड्याला दोन खेपा, बस्त्याला चार-पाच. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी. तिला निम्मं गाव यायचं आणि सगळे एकदम रुसून उठायचे.

कोणाला किती लांब जाऊ द्यायचं हे मामंजींना पाठ होतं. सारोळ्याकडची मंडळी घाईची, एक चप्पल घातली की बोलवायचं. वेल्ह्याची शेजारच्या वाण्याच्या पायरीपर्यंत जायची. हिर्डोशीची माणसं मात्र चिवट, ती पार मारुतीपर्यंत जायची आणि वळूनसुद्धा बघायची नाहीत, नुसते कान मागं. लवकर हाक मारली तर भाव पडायचा, उशिरा मारली तर पुढचा दुकानदार गिऱ्हाईक उचलायचा. मामंजींची हाक कधी चुकली नाही. आणि एक, ते गादीवरून कधी उतरले नाहीत. गिऱ्हाइकाच्या मागं धावणारा दुकानदार म्हणजे त्याचा माल कसरीनं खाल्लेला, असं पेठेत सगळेच मानत. गिऱ्हाईकसुद्धा.

तर त्या वर्षी आमच्या पालिकेचे अध्यक्ष कसल्याशा कामाला पुण्याला गेले आणि तिथं त्यांनी एकेरी रस्ता पाहिला. झालं. आमच्या पेठेत त्या वेळी वाहनं किती, तर एक टेम्पो, तोही बहुतेक दिवस ढकलायला लागायचा, आणि बाजारच्या दिवशी बैलगाड्या. पण एकदा कडब्याची गाडी आणि तो टेम्पो समोरासमोर येऊन दुपारपर्यंत अडले होते, दोघंही मागं हटेनात, एवढं निमित्त अध्यक्षांना पुरलं. पेठ एकेरी करायची असं ठरलं. मामंजी तेव्हा मेंबर होते. त्यांनी हात वर केला. नुसता वर केला नाही, दिशेसाठी भांडलेसुद्धा. एक मेंबर म्हणत होता एसटी स्टँडकडून नदीकडं जाऊ द्या. मामंजींनी दोन तास वाद घालून नदीकडून स्टँडकडं हीच दिशा मंजूर करून घेतली. घरी येऊन मिशीला हात लावत म्हणाले, "आता सगळा बाजार आधी आपल्या दारात." मी मनात म्हटलं, बघा, म्हातारा स्वतःपुरतं कसं बरोबर बघतो.

पेठेच्या तोंडाशी तशी पाटी लागली. नियम होता गाड्यांसाठी. पण तो पाळायला पालिकेनं आपल्या शिपायाला खाकी टोपी आणि शिट्टी दिली. हा शिपाई तोवर नळाला पाणी सोडायचं काम करायचा. बिचारा गरीब माणूस, जन्मात कोणी त्याचं ऐकलं नव्हतं, घरातसुद्धा नाही. पहिल्या बाजारच्या दिवशी तो पेठेच्या मधोमध उभा राहिला आणि गाडीची वाट बघू लागला. टेम्पो बंद होता. बैलगाड्या अध्यक्षांनीच नदीपलीकडं सोडायला लावल्या होत्या. मग शिपायानं करायचं काय? एक म्हातारा तंबाखू विसरली म्हणून उलटा येत होता, त्याच्यावर त्यानं सहज शिट्टी फुंकून बघितली.

म्हातारा जागच्या जागी खांबासारखा उभा. त्याच्या मागचे दहा जण उभे. डोंगरातल्या माणसाला शिट्टी म्हणजे जंगलखात्याचा गार्ड. शिट्टी ऐकली की मोळी टाकायची आणि म्हणतील तसं करायचं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. शिपायानं हात दाखवला, तशी सगळी रांग वळली आणि मुकाट्यानं स्टँडकडं चालू लागली. शिपायाच्या चेहऱ्यावर जे तेज चढलं ते मी आमच्या दुकानातून पाहिलं. अध्यक्षही ओट्यावरून बघत होते. नियम गाड्यांचा आहे, माणसांचा नाही, हे सांगायचं सोडून ते म्हणाले, शिस्त लागतेय, लागू द्या.

आता कळलं ना काय झालं ते? त्याच दिवशी हिर्डोशीच्या एक मावशी आल्या. आमचं जुनं गिऱ्हाईक. काळ्यासावळ्या, ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू, आणि घासाघीस करायला बसल्या की मांडी घालून बसणाऱ्या. त्यांनी हिरवं लुगडं पसंत केलं, भाव पाडला, उठल्या, रीतसर मारुतीपर्यंत गेल्या. मामंजींनी नेमक्या वेळी हाक मारली. मावशी वळल्या आणि शिट्टी वाजली.

परत यायचं तर पेठ संपेस्तोवर पुढं जायचं, स्टँडला वळसा घालायचा, शाळेमागनं नदीकाठ धरायचा आणि पुन्हा पहिल्या टोकाला यायचं. चांगली अर्ध्या तासाची रपेट. मावशी गेल्या, आल्या, घाम पुसून पुन्हा मांडी घालून बसल्या, पुन्हा भाव केला. आणि उठल्या. अहो, उठायलाच हवं ना, रीत होती. पुन्हा हाक, पुन्हा शिट्टी, पुन्हा नदी. एका लुगड्यासाठी त्या दिवशी बाईंनी गावाला तीन प्रदक्षिणा घातल्या. तिसऱ्या खेपेला मामंजींनीच हात टेकले आणि मावशी म्हणतील त्या भावाला लुगडं दिलं. मावशींना काहीच झालं नव्हतं, त्या रोज घाट चढणाऱ्या. दम मामंजींना लागला होता, बसल्या बसल्या.

पण सगळेच काही मावशी नसतात. न्हाव्याकडून अर्धी दाढी करून चहाला उठलेला एक माणूस तसाच अर्ध्या दाढीनं गावाला गेला. एका वऱ्हाडातला नवरामुलगा पुढं आणि त्याची आई मागं राहिली. त्याला कोणी विचारणारं नाही बघून त्यानं आपल्या मनानं लाल फेटा घेऊन टाकला, त्यावरून त्यांच्यात वर्षभर बोलणं नव्हतं. खुद्द अध्यक्षांचं घर पेठेच्या मध्ये आणि कचेरी नदीच्या टोकाला. जेवायला घरी जायला पन्नास पावलं आणि परत यायला अर्धा तास. पण गडी तत्त्वाचा. भर उन्हात छत्री घेऊन नदीकाठानं कचेरीला जायचा. महिन्याभरात धोतर कमरेला टिकेना. तरी नियम बदलायचं नाव नाही.

दुकानदारांनी उपाय करून बघितले. काही जण माल हातात घेऊन गिऱ्हाइकाच्या मागं गेले, कारण पुढं जायला बंदी नव्हती. पण मागं धावणारा दुकानदार बघून गिऱ्हाईक जे पळायचं ते थांबायचंच नाही, आणि परतताना दुकानदारालाही नदीच. एके दिवशी वाणी, कासार, तांब्यापितळेवाला आणि गुळाचा अडत्या असे चौघं नदीकाठी एकमेकांना भेटले. कासाराच्या हातात बांगड्यांची माळ, वाण्याच्या हातात तराजू. कोणी कोणाकडं बघितलं नाही.

मग सारोळ्याच्या एका पठ्ठ्यानं युक्ती काढली. हाक ऐकली की वळायचंच नाही. तोंड स्टँडकडं ठेवायचं आणि पाठीमागं पावलं टाकत यायचं. शिपाई बघतच राहिला. तोंड तर बरोबर दिशेला होतं, शिट्टी कशावर फुंकणार? पुढच्या बाजारी सगळी पेठ मागं मागं चालत होती. डोक्यावर पाट्या, काखेत कोंबड्या, कडेवर पोरं, आणि सगळे पाठमोरे दुकानात शिरतायत. आमच्या दुकानात तर एक आजोबा पाठमोरे थेट मामंजींच्या मांडीवर येऊन बसले. मी इतकी हसले की मामंजींनी मला आत पाठवलं. पण विक्री झाली हो त्या दिवशी. मला वाटलं, सुटलो.

कसलं काय! पालिकेची तातडीची सभा भरली आणि "उलट्या पावलांनी चालण्यास मनाई" असा ठराव झाला. मामंजींनी त्यालाही हात वर केला. मी विचारलं का, तर म्हणाले, एकदा वर केलेला हात खाली कसा घ्यायचा.

आणि तिकडं स्टँडवर एका परगावच्या माणसानं पत्र्याची शेड ठोकून कापडदुकान टाकलं होतं. माल यथातथाच. पण पेठेतून बाहेर पडलेला माणूस बरोब्बर त्याच्या दारात पडायचा. पुढं शिट्टी नाही, मोकळं मैदान, उठा, जा, या, हवं तितकं रुसा. आणि एसटीनं येणाऱ्याला तर पेठेत शिरायलाच आधी नदीला वळसा; तो कशाला येतोय? आमच्याकडं लोक भाव विचारायला यायचे आणि त्याच्याकडं घ्यायला जायचे. सगळा बाजार आधी आपल्या दारात हे मामंजींचं म्हणणं खरं ठरलं. आधी आपल्या दारात, आणि मग दुसऱ्याच्या.

मी रोज बोलायला लागले. माझ्या नाकावर राग असतोच, तेव्हा तर तो उतरतच नव्हता. वाढताना बोलायचे, घड्या घालताना बोलायचे. तुम्ही मेंबर, तुम्हीच दिशा ठरवली, तुम्हीच उभं राहून सांगा की चुकलं. मामंजी भाकरी मोडत गप्प. आमचे हे ताटात बघत गप्प. खतवाला एक दिवस टेप घेऊन आला आणि मी बसलेल्या कोपऱ्याचं माप घेतलं. मला जरा सरका म्हणाला. मी सरकले नाही, त्यानं मला धरूनच माप लिहिलं असणार.

अशात लग्नसराई निम्मी संपली, आणि हिर्डोशीच्या मावशी बस्ता बांधायला आल्या. धाकट्या लेकीचं लग्न. बरोबर पंचवीस-तीस माणसं, त्यांत दोन काठीवाले म्हातारे, चार तान्ही पोरं, एक गरोदर सून. हा एक बस्ता पदरात पडला असता तर सराई सावरली असती. मामंजी सावरून बसले. मी पाणी दिलं, गूळ दिला. लुगडी निघाली, धोतरं निघाली, शालू निघाला, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. सगळं पसंत पडलं. मावशींनी आपला भाव सांगितला, मामंजींनी नकाराची मान हलवली, मावशींनी पदर सावरला. आता उठणार.

उठल्या की गेल्या. एवढं लटांबर नदीकाठानं परत कोण आणणार? आणि मी, जिला सात वर्षं त्या गादीच्या कोपऱ्यावर बसून सगळं कळलंय असं वाटत होतं, ती मी मध्येच बोलले, "मावशी, उठू नका. तुमच्याच भावात घ्या."

मामंजींनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी लुगड्याला आग लावलीय. मावशींचा हात पदरावर तसाच राहिला. त्यांनी पुढ्यातला शालू पुन्हा हातात घेतला, उजेडात धरला, उलटा केला, आणि म्हणाल्या, "न उठताच देताय व्हय? मंग ह्यात कायतरी खोट असल." आणि माझ्याकडं बघून, जरा दुखावूनच, "का आमाला गरीब समजून देताय?"

त्या उठल्या. सगळे उठले. मी काय काय बोलत राहिले, तसतसं ते जास्तच वाईट होत गेलं. मंडळी वाण्याच्या पायरीवरून पुढं गेली. मामंजी डोळे बारीक करून बघत होते. मारुती आला, आणि त्यांनी हाक मारली. मी त्यांच्या इतक्या हाका ऐकल्या होत्या, पण तशी नाही. निम्म्या पेठेनं माना वळवल्या. "हिर्डोशीकर, या, माघारी या!"

मावशी वळल्या. हसत होत्या, राग गेला होता सगळा. एक पाऊल त्यांनी उचललंसुद्धा, आणि शिट्टी.

मी तशीच अनवाणी बाहेर पडले आणि शिपायाच्या हातातली शिट्टी हिसकावून कमरेला खोचली. तो म्हणाला, बाई, ती सरकारी आहे. मी त्याला काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण तोवर म्हातारे आणि पोरं गर्दीबरोबर पुढं ढकलली गेली होती, गरोदर सून कुठं दिसत नव्हती, कोणीतरी कोणालातरी हाका मारत होतं. मावशींनी पुढं बघितलं, मागं बघितलं, आणि तिथूनच ओरडून सांगितलं, "शेट, बलावलंसा, ह्येच लई झालं. येवड्या मान्सांस्नी आता कुठं फिरवू?" मामंजींना लांबूनच हात जोडले आणि गेल्या.

बस्ता पत्र्याच्या शेडमध्ये बांधला गेला. नंतर कळलं, तिथं त्या दोनदा उठून गेल्या होत्या.

मामंजी माझ्यावर रागावले नाहीत. त्या आठवड्यात त्यांनी खतवाल्याला निरोप धाडला. आणि पालिकेच्या सभेत उभं राहून म्हणाले की दिशा मी मागितली, चूक माझी, पाटी काढा. सगळे इतके कंटाळले होते की कोणी वादही घातला नाही. शिट्टी मी आधीच परत केली होती, ती पालिकेनं कपाटात ठेवली. पेठ दोन्हीकडून मोकळी झाली, पण लोकांना स्टँडची सवय लागली ती लागली.

दुकान रिकामं करायच्या दिवशी आम्ही दोघंच होतो. उरलेला माल गाठोड्यांत बांधला. मी तोंडानं चालूच होते. म्हटलं, सगळा बाजार आधी आपल्या दारात म्हणे, काय गरज होती त्या वयात एवढा हावरटपणा करायची? कोणासाठी?

मामंजी लोडाचा अभ्रा काढत होते. म्हणाले, "तुझ्यासाठी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते अभ्र्याची घडी घालत म्हणाले, "गादीवर बाई बसली तर लोक येतील की न येतील, मला धास्ती होती. म्हटलं, दारावरनंच बाजार गेला तर बघून बघून सवय होईल त्यांना. मग द्यावी हातात."

मी तिथंच गाठोड्यावर बसले. इतके दिवस धरलेला राग आता ठेवायचा कुठं, ते कळेना. मग मी परत चिडलेच, दुसरं काय येतं मला? म्हटलं, हे आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?

"सूनबाई," ते म्हणाले, "तू मला बोलू कधी दिलंस?"